स्टिकर निघालं, चिकटा राहिला

वाचकांचे प्रश्न : नाणी आणि त्यांचे होल्डर

होल्डरवर व्यापाऱ्याने डकवलेलं किमतीचं, स्टॉक नंबरचं किंवा फोन नंबरचं स्टिकर कसं काढावं, या एकाच तक्रारीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कडक प्लास्टिकचा स्लॅब (एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या नाणं तपासून, त्याची ग्रेड म्हणजे दर्जा ठरवून ज्यात सीलबंद करतात ती डबी), कार्डबोर्डची फ्लिप आणि मऊ पारदर्शक पाकीट या तीन वेगळ्या जाती आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला की घात होतो, आणि बहुतेक प्रश्नांत तो आधीच झालेला आहे.

प्रश्न : एनजीसीच्या स्लॅबमधला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घेतला (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो तोच). स्लॅबच्या दर्शनी बाजूला किमतीचं छोटं स्टिकर होतं. नखाने ओढलं तर त्याच्या चिंध्या झाल्या. वरचा कागद निघाला, खाली पांढरा पापुद्रा आणि गम तसाच आहे. आता काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : किमतीच्या मशीनमधून निघणाऱ्या लेबलांवर मुद्दाम काप दिलेले असतात, गिऱ्हाइकाने स्वस्त वस्तूचं लेबल सोलून महागड्या वस्तूवर लावू नये म्हणून. त्यामुळे ते अखंड निघणं अवघडच. त्यात आपण ते झटक्यात वर ओढतो. झटक्याने गम ताणला जात नाही, आखडतो, आणि कागदच मधून फाटून दोन थर होतात. पुढच्या वेळी कोपरा उचलून स्टिकर मागे दुमडा आणि स्लॅबला जवळजवळ टेकवतच मागे ओढत न्या. गोगलगाईच्या वेगाने.

आता राहिलेल्या पापुद्र्याचं. सगळ्यात आधी स्लॅब टॉवेलवर आडवा ठेवा, डाग असलेली बाजू वर. स्लॅबचे दोन अर्धे अल्ट्रासोनिक वेल्डिंगने कडेला जोडलेले असतात, पण हा जोड जलरोधक नसतो. उभ्या धरलेल्या स्लॅबवरून ओघळलेलं पाणी कडेच्या फटीत शिरलं तर ते आत नाण्यापर्यंत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. म्हणून स्लॅब नळाखाली धरायचा नाही, वाटीत बुडवायचा तर मुळीच नाही. कोणताही द्रव थेट स्लॅबवर ओतायचा नाही. तो आधी कापसावर घ्यायचा.

अर्धी वाटी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. कापसाचा बोळा त्यात भिजवून घट्ट पिळा आणि फक्त पांढऱ्या पापुद्र्यावर दहा मिनिटं ठेवा. कागदाचे तंतू फुगतात. मग अंगठ्याने एकाच दिशेला दाबत न्या, कागदाच्या शेवया होऊन निघतील. पापुद्रा पाणी पीत नसेल तर लेबलचा तो थर प्लास्टिकचा आहे. तिथे पाण्यावर वेळ घालवू नका, सरळ उष्णतेकडे वळा.

हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, पंधरा-वीस सेंटिमीटर अंतरावरून, हलवत राहून वीस-तीस सेकंद. प्लास्टिकवर बोट निवांत टेकवता आलं पाहिजे. चटका बसला तर स्लॅबही तापला, आणि तापलेल्या स्लॅबच्या जोडाचा भरवसा नाही. ऊब आहे तोवर जुन्या एटीएम कार्डाची कड तिरकी धरून गम एका बाजूला लोटा. ब्लेड, सुरी, स्टीलची पट्टी नको. दुकानाच्या काचेवर ब्लेड चालतं, पण स्लॅबचं प्लास्टिक काचेपेक्षा खूप मऊ असतं आणि पहिल्याच फटक्यात चरा पडतो.

बराचसा गम निघाला की जो पातळ, धूळ धरणारा थर उरतो त्याला पारदर्शक चिकटपट्टी उत्तम. पट्टी बोटाला उलटी गुंडाळून त्या जागेवर टप टप दाबा आणि उचला. गमला प्लास्टिकपेक्षा गम जास्त प्रिय असतो. वीस-पंचवीस वेळा केलं की अर्ध्याहून अधिक काम होतं, आणि यात कसलंही रसायन लागत नाही. आमच्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

तरीही पिवळट, कडक झालेला थर राहिला तर तो रबरी गम आहे. हवा लागून तो वाळतो, तडकतो. त्याला तेल लागतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. खोबरेलही चालतं, पण साधं, सुवासिक नको. इअरबडवर दोन-तीन थेंब, फक्त डागावर, पंधरा मिनिटं. मग अंगठ्याने गोल चोळा, गमच्या बारीक गोळ्या होतील. त्या टिपून घ्या, हवं तर पुन्हा एकदा करा. तेल रात्रभर ठेवून झोपायचं नाही, आणि स्लॅबच्या कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर लांब ठेवायचं. जोडापाशी प्लास्टिकमध्ये ताण असतो. तिथे तेल मुरलं की केसासारखे तडे जाऊ शकतात. शेवटी साबणपाण्याने ओलसर केलेलं मऊ फडकं, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं.

एका स्टिकरला चाळीस मिनिटं धरून चला. पाच मिनिटांत काम उरकायचा मोह झाला की हात नेलपेंट रिमूव्हरकडे जातो. पुढचं पत्र त्याचंच आहे.

प्रश्न : पीसीजीएसच्या स्लॅबवरचा गम नेलपेंट रिमूव्हरने पुसला. गम गेला, पण तिथे पांढरा धुरकट डाग पडला आणि पुसला की वाढतो. तो कसा काढायचा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तो डाग नाही, प्लास्टिकच विरघळलं आहे. पुसता तेव्हा मऊ झालेला थर पसरतो, म्हणून डाग वाढतो. आधी पुसणं थांबवा. एक दिवस स्लॅब तसाच हवेशीर जागी ठेवा, म्हणजे उरलेलं रसायन उडून जाईल आणि पृष्ठभाग पुन्हा कडक होईल.

बहुतेक नेलपेंट रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, किंवा त्याच्यासारखाच प्लास्टिक विरघळवणारा एथिल ॲसिटेट. ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलेल्या बाटलीत बहुधा हा दुसरा भाऊ असतो, तेव्हा त्या शब्दावर भुलू नका. कडक पारदर्शक होल्डर बहुधा ॲक्रिलिकचे किंवा पॉलिस्टायरीनचे असतात आणि ही दोन्ही प्लास्टिकं ॲसिटोनमध्ये विरघळतात. रंगाचा थिनर, टर्पेंटाइन, पंपावरचं पेट्रोल यांना स्लॅबच्या आसपासही आणू नका. संत्र्याच्या सालीच्या तेलावर बनलेले ‘स्टिकर रिमूव्हर’ स्प्रे बाजारात मिळतात. काचेवर आणि स्टीलवर ते छान काम करतात, पण त्यातलं लिमोनीन पॉलिस्टायरीन खातं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. त्याच्या तुकड्यावर हा स्प्रे मारून पाहिला की खड्डा पडताना दिसतो. निलगिरीचं तेल घरगुती उपाय म्हणून सांगतात, तेही स्लॅबला नको.

स्पिरिटबद्दल मतभेद आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाचा एक हात, कडांपासून दूर, शेवटचा तेलकटपणा घालवायला चालतो. कापूस तिथे दाबून ठेवला तर ॲक्रिलिकवर जाळीसारखे तडे येऊ शकतात. हँड सॅनिटायझर तर नकोच, कारण त्यातला जेलपणा अल्कोहोलला उडू देत नाही, प्लास्टिकवर बसवून ठेवतो. सिगारेट लायटरमध्ये भरायचं फ्लुइड जुन्या रबरी गमवर सगळ्यात जलद चालतं आणि अनेक संग्राहक तेच वापरतात. आम्ही ते तेलानंतरचा उपाय मानतो. कापसावर दोन थेंब, एक हात, लगेच कोरडं फडकं, खिडकी उघडी आणि घरात कुठेही देवासमोरचा दिवासुद्धा पेटता नको.

काहीही वापरा, आधी चाचणी घ्या. स्लॅबच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्याजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर. दहा मिनिटांनी स्लॅब उजेडात तिरका धरून बघा. चमक मंदावली असेल तर ते द्रव बाद.

आता तुमच्या धुरकट डागाचं. नखाला खडबडीतपणा लागत नसेल तर तो वरवरचा आहे. मोटारीच्या हेडलाइटचं किंवा प्लास्टिकचं पॉलिश गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतं. मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं घ्या, हलक्या हाताने दोन मिनिटं गोल फिरवा, पुसा, बघा. तीन-चार फेऱ्यांत फरक पडला नाही तर पुढे जाऊ नका. जास्त घासलं की तिथे खळगा होतो आणि नाणं भिंगातून पाहिल्यासारखं वेडंवाकडं दिसतं. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, पण ते किती जाडे हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. ती वापरू नका. पॉलिश कडेच्या खाचेत शिरून वाळलं तर पांढरी रेघ कायमची राहते, म्हणून कडेला आधी कागदी मास्किंग टेप लावा.

नखाला ओरखडा लागत असेल तर पॉलिशने भागणार नाही. पीसीजीएस आणि एनजीसी दोघेही ‘रिहोल्डर’ची सेवा देतात. स्लॅबचा जोड शाबूत असेल तर ते नाणं त्याच ग्रेडसह नव्या स्लॅबमध्ये घालून देतात. त्याची फी, दोन्हीकडचं कुरिअर आणि विमा धरला तर साध्या नाण्याला हा खर्च पेलत नाही. तिथे धुरकट डागासह जगावं. आणि स्लॅब घरी फोडून नाणं दुसऱ्या डबीत घालायचा विचार असेल तर तो सोडा. फोडलेल्या स्लॅबबरोबर ग्रेडही जाते.

प्रश्न : सासऱ्यांचा गोव्याच्या पोर्तुगीज नाण्यांचा संग्रह माझ्याकडे आला. १८८१ ची रुपिया, तांब्याची तांगा वगैरे, बहुतेक पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये. काहींवर दुकानदाराचं स्टिकर थेट नाण्यासमोरच्या पारदर्शक खिडकीवर आहे. होल्डरच्या स्टेपलरच्या पिना गंजल्यात. काही नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आहेत, त्यांना हिरवट चिकट काहीतरी लागलंय. स्टिकर कसं काढू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : स्टिकर काढूच नका, होल्डर बदला. दोन इंची पुठ्ठ्याची फ्लिप काही रुपयांना मिळते, तिला धुणं-पुसणं वेळेचा अपव्यय आहे. खिडकीचा पातळ पडदा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो तेलाने विरघळत नाही, पण तेल पुठ्ठ्यात शोषलं जातं, तिथून पसरतं आणि नाण्याच्या कडेला पोचतं.

खरा धोका पिनांचा आहे. नाण्यावरचे कितीतरी ओरखडे दुसऱ्या कशाने नाही, फ्लिप घाईने उघडताना पिनेच्या टोकाने पडलेले असतात. बोटाने फ्लिप उलगडू नका. पिनेची वळलेली टोकं ज्या बाजूला आहेत ती बाजू वर धरा. छोट्या पक्कडीने किंवा नेलकटरच्या टोकाने ती दोन्ही टोकं सरळ उभी करा, मग फ्लिप उलटून पीन मागून ओढून घ्या. तुमच्याकडच्या दमट हवेत पिना गंजून पुठ्ठ्यात रुतल्या असतील तर त्यांच्या नादी न लागता फ्लिप कापा. तीन बाजूंनी कात्री, नाण्याच्या वर्तुळापासून तीन-चार मिलिमीटर सोडून, आणि कापताना नाणं बंद बाजूला घसरवून ठेवा. मग पुस्तकासारखी उघडा. खाली मऊ कापड अंथरलेलं असू द्या, नाणं निसटतंच. नव्या फ्लिपमध्ये पिना मारल्यावर त्या पक्कडीने चपट्या दाबा, नाहीतर शेजारच्या फ्लिपमधल्या नाण्याला टोचतील.

पिनांचा त्रास नको म्हणून स्वतःच चिकटणाऱ्या फ्लिप घेतल्यात तर नाणं मधोमध बसलंय याची खात्री करून मगच दाबा. उन्हाळ्यात तो गम सैल होतो आणि कडेला सरकलेलं नाणं त्याला चिकटतं.

आता हिरवट चिकटपणा. ते मऊ पाकीट पीव्हीसीचं आहे. नव्या प्लास्टिकच्या पडद्याची गुंडाळी उघडल्यावर येतो तसा वास येत असेल तर शंकाच नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो, प्लास्टिक जुनं होताना क्लोरीनची आम्लं सुटतात, आणि ती नाण्यातल्या तांब्याला धरतात. म्हणून चांदीच्या रुपियावरही हिरवं दिसतं. तिच्यातही थोडं तांबं असतंच.

गंमत म्हणजे स्लॅबला विषासारखं असलेलं ॲसिटोन इथे औषध आहे. ते धातूशी भांडत नाही, फक्त तेलकट थर उतरवतं. नेलपेंट रिमूव्हर मात्र नाही, त्यात रंग, सुगंध आणि तेलं असतात. शुद्ध ॲसिटोन घ्या. काचेच्या वाटीत (प्लास्टिकची वाटी त्यातच विरघळू शकते) नाणं पूर्ण बुडेल इतकं ओता, पाच मिनिटं ठेवा, ते फेकून नवीन घ्या, पुन्हा पाच मिनिटं. कापडाने किंवा ब्रशने घासायचं नाही. काठाला धरून बाहेर काढा आणि हवेवर वाळू द्या, मिनिटभरात कोरडं होतं. खोलीत ज्योत नको, खिडकी उघडी हवी. तांब्याच्या तांगांवर हा प्रयोग आधी सगळ्यात सामान्य नाण्यावर करून बघा. हिरवा थर पुसट असेल तर पूर्ण निघेल. त्याने धातू खाल्ला असेल तर खाली खरबरीतपणा दिसेल आणि तो कशानेही भरून येणार नाही.

आणि चिंच, लिंबू, पितांबरी वगैरे देवघरातले उपाय नाण्यांना नकोत. तांब्या लखलखीत होणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न : इथे एक मॉर्गन डॉलर (अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर) घेतला. पीसीजीएसच्या स्लॅबवर खाली अंडाकृती हिरवं स्टिकर आहे, शेजारी व्यापाऱ्याचं पांढरं स्टिकर. दोन्ही काढून स्लॅब स्वच्छ करू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हिरव्याला हात लावू नका. ते व्यापाऱ्याचं नाही, सीएसीचं आहे. पीसीजीएसच्या संस्थापकांपैकी एक आणि एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बनीज यांनी २००७ मध्ये ही संस्था सुरू केली. आधीच ग्रेड झालेलं नाणं त्यांचे परीक्षक पुन्हा बघतात. त्या ग्रेडमध्ये ते पक्कं बसत असेल तर हिरवं स्टिकर, आणि ग्रेड कमीच दिली गेली असं त्यांना वाटलं तर सोनेरी. अमेरिकन बाजारात अशा नाण्याला त्याच ग्रेडच्या बिनस्टिकरच्या नाण्यापेक्षा अनेकदा जास्त भाव येतो. ते स्टिकर खरवडणं म्हणजे पैसे खरवडणं. ते खरं आहे का, हे स्लॅबवरच्या क्रमांकावरून सीएसीच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

शेजारचं पांढरं काढताना हिरव्याला ऊब आणि तेल दोन्हीपासून वाचवा. त्यावर पॉलिएस्टरचा तुकडा नुसता ठेवा, टेप लावू नका, कारण टेप काढताना तेच वर येईल. ड्रायरऐवजी गरम पाण्यात बुडवून पुसलेला स्टीलचा चमचा फक्त पांढऱ्या स्टिकरवर वीस सेकंद टेकवा. उष्णता तेवढ्याच जागी राहते. काही जुन्या स्लॅबवर होलोग्रामही बाहेरून लावलेला असतो, त्याच्या बाबतीतही हेच.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातल्या शिवराईंच्या पाकिटांवर जुन्या दुकानांची हाताने लिहिलेली लेबलं, लिलावाचे लॉट नंबर वगैरे आहेत. सगळं काढून एकसारखी नवी लेबलं लावायची आहेत.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : थांबा. एकसारखेपणाच्या हौसेत नाण्याचा जन्मदाखला फाटतो. नाणं कुणाच्या संग्रहातून, कोणत्या लिलावातून आलं हे सांगणारा कागद तोच असतो. ब्रिटिश इंडियाच्या नाण्यांचे अभ्यासक फ्रेड प्रिडमोर यांच्या संग्रहातलं नाणं असेल तर खरेदीदार आजही तो उल्लेख शोधतात, आणि त्याचा पुरावा म्हणजे बहुतेकदा जुनी चिठ्ठी. तुमच्या वडिलांच्या लेबलांत काय आहे हे आज कळणार नाही, नंतर कळेल.

प्रत्येक पाकिटाचा पुढून-मागून फोटो घ्या आणि मजकूर वहीत उतरवा. पाकीट चांगलं असेल तर लेबल जागेवरच राहू द्या. पाकीट पीव्हीसीचं असेल तर नाणं बाहेर काढा, लेबलाभोवतीचा तुकडा कात्रीने कापून घ्या आणि तो वेगळ्या पॉलिएस्टरच्या पाकिटात, नाण्याच्या जवळ पण त्याला न लागता ठेवा. सोलायचा प्रयत्न केलात तर शाई आधी जाईल. बॉलपेनची निळी शाई आणि अल्कोहोल यांची गाठ पडू देऊ नका.

प्रश्न : स्टिकर कडक करून निघावं म्हणून स्लॅब फ्रीजरमध्ये ठेवला तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. गम ठिसूळ होतो हे खरं, पण स्लॅब बाहेर काढल्यावर आतल्या हवेतली वाफ नाण्यावरच जमू शकते. नाणं नसलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीला खुशाल करा.

प्रश्न : मी लहान व्यापारी आहे. गिऱ्हाइकं स्टिकरबद्दल तक्रार करतात, पण किंमत लिहिल्याशिवाय टेबल मांडता येत नाही. काय वापरू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्लॅबच्या मापाच्या पातळ पारदर्शक पिशव्या मिळतात. स्लॅब तिच्यात घाला आणि किंमत पिशवीवर चिकटवा. नाणं विकलं की पिशवी फेकायची. पिशवी नकोच असेल तर स्टेशनरीच्या दुकानात ‘रिमूव्हेबल’ म्हणून विकली जाणारी लेबलं घ्या, किमतीच्या मशीनची कापवाली नव्हे. लावायची जागा मागची बाजू, मधोमध खाली. जोडावर नको, आतल्या लेबलाच्या क्रमांकावर नको, आणि नाण्यासमोर तर मुळीच नको. एक कोपरा तीन-चार मिलिमीटर आत दुमडून चिकटवा, म्हणजे काढणाऱ्याला धरायला शेपूट राहतं.

रिमूव्हेबल गमही कायम रिमूव्हेबल राहत नाही. शोकेसमधल्या दिव्याखाली तो महिनोन्महिने तापला की साध्या गमसारखाच बसतो. माल पडून असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी लेबल बदला, आणि प्रदर्शनातून परत आल्यावर न विकलेल्या स्लॅबवरची लेबलं त्याच रात्री काढा. तेव्हा ती नुसत्या बोटाने निघतात.